तांब्याभर पाणी

माझी परीक्षा घेणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. गणिताच्या मास्तरांनी दोनदा नापास केलं, गाडीच्या लायसन्सवाल्यांनी एकदा, आणि सासऱ्यांनी निकाल अजून राखून ठेवलेला आहे. पण दहा माणसांसमोर, तांब्याभर पाणी ओतून, माझ्याबद्दल चकार शब्द न काढता मला नापास करणारा माणूस एकच. शेषरावबाबा. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले.

गड कोणता ते सांगत नाही. सातपुड्याच्या कड्यावर आहे आणि वरून वऱ्हाडाची काळी जमीन पार टोकापर्यंत दिसते, एवढं पुरे. अकोटकडच्यांना वाटेल आमचाच, चिखलदऱ्याकडच्यांना वाटेल आमचाच. दोघांना एकदम खूश करण्याची संधी मला पुन्हा मिळायची नाही. शिवाय या गोष्टीत जी फजिती आहे ती माझी आहे. गड त्यात उगाच बदनाम नको.

मी अमरावतीचा, मूळचा लग्नांचे फोटो काढणारा. धामणगाव रेल्वेपासून तिवस्यापर्यंत नवरा-नवरींची एक अख्खी पिढी अशी आहे की जिच्या अल्बममध्ये कोणाच्या गालावर मुरूम नाही, तीळ नाही, लहानपणी पडल्याची खूण नाही. तो सगळा माझा पराक्रम. एका नवरीच्या आईनं अल्बम पाहून मला विचारलं होतं, "पोरगी तर छान आली, पण ही कोणाची?" तर असा मी, लग्नांतून ड्रोनवर आणि ड्रोनवरून लेझर स्कॅनरवर आलो. गडाच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी माहिती केंद्र होणार होतं. भिंतीभर पडदा, डोळ्यांवर चढवायचे चष्मे, ज्यांतून गड नवा होता तेव्हा कसा होता ते दिसावं, आणि मधोमध बाजेएवढं मोठं, गडाच्या वरच्या भागाचं प्लास्टिकचं मॉडेल. हे सगळं काम माझ्या पदरात पडलं. जुन्या वास्तूंचा माझा तोवरचा अनुभव म्हणाल तर मंगल कार्यालयाचं थर्मोकोलचं प्रवेशद्वार.

पहिल्या दिवशी स्कॅनरची तिपाई खांद्यावर घेऊन, चार ठिकाणी बसून, मी वरच्या चौकात पोचलो. तिथे एक म्हातारा उकिडवा बसला होता. पायजमा, गळ्यात दुपट्टा, आणि कमरेला सुतळीनं बांधलेला पितळी तांब्या. त्यानं तांब्या सोडला, दगडावर जपून धार धरली आणि त्या पाण्याकडे असा एकटक पाहत बसला की माझ्या अंगावर काटा आला. मी कॅमेरा सुरू केला आणि आवाज शक्य तितका खर्जात नेऊन बोललो, "शतकानुशतकं गडाला जलार्पण करण्याची ही परंपरा..."

"कोनाशी बोलून राहिला बे?" म्हातारा म्हणाला.

"बाबाजी, हा विधी कोणता?"

"कायचा विधी? नाली पाहून राहिलो."

"पण गडाला पाणी वाहण्याची परंपरा..."

"बापू, तुही बायको मोरीत पानी टाकते त ते परंपरा होते काय?"

ती चित्रफीत अजून माझ्याकडे आहे. शेवटचं वाक्य कापायचा मोह मी आजवर आवरला आहे.

शेषरावबाबांनी तीसेक वर्षं गडावर रोजंदारी केली होती. काम दोनच: भिंतींवरचं गवत काढायचं आणि पावसाआधी नाल्या साफ करायच्या. रोजंदारी बंद झाली, पण बाबांना ते कोणी नीट समजावून सांगितलं नसावं, कारण ते येतच राहिले. पायथ्याच्या गावात त्यांचं ओलिताचं वावर होतं, वांगी-मिरचीचं. सकाळी तिथं पाणी द्यायचं, ऊन चढायच्या आत गडावर. दोन्ही कामं त्यांच्या लेखी एकच होती. वावरात सरीतून पाणी कुठं अडतं ते बघायचं, गडावर दगडातून.

पर्यटक त्यांना गाइड समजायचे आणि पस्तावायचे.

"बाबा, हा किल्ला कोणी बांधला?"

"मले काय मालूम? मी नव्हतो."

"राणीचा महाल कोणता?"

"राणीले इचारा."

एकदा अकोल्याच्या एका गृहस्थांनी चिडून विचारलं, "मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?" बाबा शांतपणे म्हणाले, "राजाचं नाव खाली बोर्डावर लिवलं हाय. नाली बांधनाऱ्याचं कोनी लिवलं नाई. म्हनून मी नाली दाखोतो. पायता काय?"

मी स्वतः ती नाली पाहिली तो दिवस सांगतो. हिवाळा होता, माझं स्कॅनिंग संपत आलं होतं. बाबांनी बादलीभर पाणी आणवलं. आणणारा अर्थातच मी. वरच्या चौकात कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी भेग गेली होती, चार बोटं रुंद, गवतानं भरलेली. निदान मला ती भेग वाटली. बाबांनी गवत बाजूला केलं, बादली हळूहळू रिकामी केली, आणि शेवटच्या पाण्यात कडुनिंबाचं एक पान सोडलं. भिंतीखाली मांजर जाईल एवढं भोक होतं, त्यात पाणी आणि पान दोन्ही गडप.

"चाल," ते म्हणाले.

आम्ही तीस-एक पायऱ्या उतरून खालच्या तलावाशी आलो. बाबांनी खिशातून खर्र्याची पन्नी काढली आणि आतली तंबाखू-सुपारी तळहातावर घोटायला बसले. समोर ती जाडजूड भिंत, वर जाऊन आभाळाला टेकलेली. दगडाचं एक तोंड भिंतीतून बाहेर आलं होतं, हत्तीचं म्हणा की मगरीचं. इतक्या वर्षांत त्यालाही आपण कोण ते आठवत नसावं. मी घड्याळ पाहिलं. कॅमेरा लावला. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली म्हणून बदलायला वाकलो. बाबांचे डोळे मिटलेले होते, कान भिंतीकडे.

"आता," ते म्हणाले.

आणि त्या दगडाच्या तोंडातून पाण्याची एक बारीक धार सुटली. मागून ते पान आलं, तोंडाच्या कडेला जरा अडखळलं, आणि तलावात पडलं.

मी बॅटरी हातात धरून तसाच उभा राहिलो. एवढ्या मोठ्या भिंतीच्या पोटातून, कोण्या अनाम माणसानं, कोण जाणे कोणत्या उन्हाळ्याच्या भीतीनं, पाण्याला वाट करून दिली होती. ती वाट अजून चालत होती, आणि ते पाणी केव्हा पोचणार हे खर्रा घोटणाऱ्या एका माणसाला डोळे मिटून कळत होतं. माझ्या स्कॅनरनं त्या गडाचे कोट्यवधी बिंदू मोजले होते. त्यातला एकही बिंदू "आता" म्हणाला नसता.

"तुम्हाला कसं कळलं बाबाजी?"

"ऐकाव लागते," ते म्हणाले. "दगड कोनी बी रचते. पानी आपल्या मतानं जाते, त्याचं ऐकाव लागते."

गडावर पाण्याचा तो एकच तलाव होता. पावसात चौकाचं सगळं पाणी नालीनं तिथं उतरायचं आणि उन्हाळाभर पुरायचं. वानरं, सांबरं, कधी तरी वाघ, आणि गुरांमागे आलेले गावातले लोक. सगळ्यांची मदार त्यावर. नाली तुंबली त्या एका वर्षी तलाव होळीलाच आटला, आणि चिखलात रुतून एक सांबर मेलं. बाबांनी ते ओढून काढलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना दुपट्ट्यानं तांब्या पुसत होते.

एवढं सगळं पाहून, ऐकून, हात जोडून मी अमरावतीला आलो, संगणकापुढे बसलो, आणि काय केलं? सवयीनं कर्सर फिरवला. वाढलेलं गवत काढलं. तुटके दगड जुळवले. चौकाला उतार होता, तो मला कॅमेरा वाकडा ठेवल्यासारखा दिसला. तो सरळ केला. आणि त्या चौकाच्या गालावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक ओरखडा होता. तो पुसला. नवरीसारखा सुंदर दिसायला लागला गड.

बाबांनी तो पाहिला केंद्रात, चष्मा चढवून. चष्म्यातून महादरवाजा समोर आला तशा त्यांनी चपला काढून ठेवल्या. कमान आली तेव्हा वाकले. उंबरठा आला तेव्हा पाय उचलून पलीकडे टाकला, आणि मी धरलं नसतं तर सतरंजीवर पडले असते. बाकीचे हसले. बाबा मात्र गडावर होते. डावीकडे मान वळवून म्हणाले, "अथी तीन पायऱ्या पायजे. दोनच हायेत." मी नंतर गडावर जाऊन तपासलं, तीनच होत्या. मग वरच्या चौकात पोचल्यावर ते थांबले. बराच वेळ खाली पाहत राहिले.

"बापू, याच्यात पानी टाकलं त कुठी जाते?"

"याच्यात पाणी नाही पडत बाबाजी. हे चित्र आहे."

"हाव," म्हणत त्यांनी चष्मा काढला, आणि चपला घालायचं विसरून तसेच घरी गेले.

हे सगळं गमतीवारी गेलं असतं. पण वरच्या चौकात पर्यटकांसाठी फरशी घालून बसायला ओटे करायचं ठरलं, आणि नकाशा कशावरून काढला, तर माझ्या मॉडेलवरून. संगणकात चौक सपाट, म्हणून नकाशात सपाट. खाली फरशीचे गठ्ठे येऊन पडले तेव्हा बाबांना कळलं. ते तडक केंद्रात आले. मी तिथेच एका कोपऱ्यात पडद्याची वायर जोडत होतो.

"साहेब, त्या चौकात नाली हाय," ते इंजिनीअरला म्हणाले. "फरशी घातली त तलावात पानी जात नाई."

इंजिनीअर तसा भला माणूस. त्यानं नकाशा पसरून दाखवला. "पाहा बाबा, कुठं आहे नाली? नकाशा संगणकावरून काढलाय. त्यात नाही."

"संगनकात कोनं भरलं?"

इंजिनीअरनं माझ्याकडे बोट केलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, उलट जरा हायसं वाटल्यासारखं होतं: म्हणजे आपलाच माणूस, ज्यानं पानासकट धार पाहिली तो.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "बाबाजी, स्कॅनरला जे दिसतं तेच त्यात येतं."

त्यांनी मान हलवली. खोटं बोललास, असं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. "मंग मशीनले गवतानं दिसली नसन," असं मलाच समजावून ते निघून गेले.

त्याच दुपारी मी मूळ स्कॅन उघडून पाहिला. मशीनला दिसली होती. गवतासकट, उतारासकट, भोकासकट. चार दिवसांनी वरच्या अधिकारी मॅडम केंद्र पाहायला येणार होत्या, आणि मॉडेल चुकलंय हे सांगायची माझी छाती नव्हती. मी फाइल बंद केली. ते चार दिवस मी पडद्याच्या वायरी इतक्या वेळा सोडून जोडल्या की शेवटी पडदाच लागेना.

मॅडम आल्या. कडक बाई, कमी बोलणाऱ्या. इंजिनीअर, मी, गावचे सरपंच, आणखी सहा-सात माणसं मॉडेलभोवती उभी. मी माझ्या त्या खर्जातल्या आवाजात माहिती देऊ लागलो. "हा महादरवाजा, हा राणीमहाल, हा वरचा चौक, आणि इथे आपलं नियोजित..."

दाराशी हालचाल झाली. शेषरावबाबा. चपला बाहेर काढून आत आले. कोणाला काही कळायच्या आत मॉडेलपाशी पोचले, कमरेचा तांब्या सोडला आणि प्लास्टिकच्या वरच्या चौकात धार धरली. तशीच, जपून, उकिडवं बसून धरावी तशी.

"अहो, अहो बाबा," इंजिनीअर ओरडला. सरपंचानं त्यांचा हात धरला. बाबा म्हणाले, "थांब गा. पाहू दे."

सगळे पाहायला लागले. काय करणार, पाणीच ते. चौक भरला. पाणी जागचं हललं नाही. मग कडेवरून चढलं, राणीमहालात शिरलं, महादरवाजातून बाहेर आलं, आणि टेबलावरच्या मॅडमच्या फाइलखाली पसरलं. खाली निळ्या रंगानं रंगवलेला तलाव होता. तो कोरडा ठणठणीत.

"उभं राहिलं," बाबा म्हणाले. बस, एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव घेतलं नाही. त्यांना अजूनही वाटत होतं की चूक मशीनची आहे.

मॅडमनी फाइल उचलली. "याचा अर्थ काय?"

मला वाटतं तेव्हा दुसरं कोणी तरी बोललं. आवाज माझाच होता. "मॅडम, तिथं नाली आहे. स्कॅनरला दिसली होती. मी काढली."

"काढली म्हणजे?"

"मी आधी लग्नाचे फोटो करत होतो."

एवढं अचूक उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही, आणि इतकं कोणाला न समजणारंही. मग मुरूम, तीळ, नवरीचा गाल, सगळं सांगावं लागलं. सरपंच हसू दाबण्यासाठी खोकत राहिले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्ही मला ती नाली दाखवाल?"

"चढाव लागन बाई."

"चढते."

त्या चढल्या. मीही चढलो, बादली घेऊन. वर बाबांनी पाणी ओतलं, निंबाचं पान सोडलं, आम्ही सगळे खाली तलावाशी येऊन उभे राहिलो. पन्नी निघाली, खर्रा घोटला गेला. "आता," बाबा म्हणाले. धार पडली. मॅडमनी त्या भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नकळत डोक्यावर पदर घेतला.

फरशीचे गठ्ठे चौकापर्यंत चढलेच नाहीत. बसायचे ओटे खाली पायथ्याशी झाले. मला सगळं मॉडेल पुन्हा करायला लागलं, यावेळी बाबांच्या मागे रांगत. "हे घे. हे बी घे." एकेक भेग, एकेक भोक, मी चेहऱ्यावरून पुसलेले सगळे मुरूम मोजून परत लावले. नव्या मॉडेलचा हातभर नमुना आधी करून मी थेट त्यांच्या वावरात गेलो. त्यांनी ते परातीत ठेवलं, तांब्या वाकडा केला, आणि चौकात पडलेलं पाणी भोकात शिरून तळ्यात उतरलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, निकालाच्या यादीत नाव शोधावं तसा.

"पायऱ्या दोनच हायेत अजून," ते म्हणाले.

त्या मी तीन केल्या. केंद्रात आता चष्मे धूळ खात असतात आणि लोक मॉडेलभोवती गर्दी करतात. शेजारी एक पितळी तांब्या ठेवला आहे. पोरं चौकात पाणी ओततात आणि मॉडेलच्या तलावाशी वाकून वाट पाहतात.

पुढे बाबांचे गुडघे गेले आणि गड सुटला. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, त्यांच्या नातवाच्या फोनवरून निरोप आला: नालीत पाला बसला असेल, जाऊन ये. मी पोट सांभाळत, सहा ठिकाणी बसत, चढलो. पाला काढला. तलाव पाहिला, मे महिन्यात गुडघाभर पाणी होतं, आणि काठाच्या चिखलात ताजे खूर उमटलेले होते. ते त्यांना दाखवावेत म्हणून व्हिडिओ कॉल लावला. पण बाबांनी फोन पाहायचा असतो हे मानलंच नाही, कानाला लावला. माझ्या पडद्यावर फक्त त्यांचा कान. मोठा, सुरकुतलेला, भोवती पांढरे केस.

"ओतलं?"

"ओततो बाबाजी." मी बादली भरून वर चौकात नेली, रिकामी केली, पान सोडलं. "ओतलं."

"जाय खाली."

मी उतरलो. भिंतीसमोर उभा राहिलो. फोनमधून पन्नीचा आवाज येत होता, खर्रा घोटल्याचा. मग तोही थांबला. दगडाचं तोंड कोरडं होतं. मी घड्याळ पाहिलं नाही. पडद्यावर तो कान जरासुद्धा हलत नव्हता.

"आता," कान म्हणाला.

आणि धार पडली.

"आलं?"

"आलं बाबाजी."

"पान?"

ते तोंडाच्या कडेला जरा अडखळलं होतं. मी थांबलो. मग ते पडलं, आणि मी तसं सांगितलं.